फर्स्ट पीस

आमच्या लॅबमध्ये ‘अंदाजे’ या शब्दाला बंदी होती. कोणाच्या तोंडून चुकून निघालाच, तर दादा हातातलं काम खाली ठेवायचे आणि दाराकडे बोट करायचे. मग त्या माणसाने बाहेर जायचं, बूट घालायचे, पुन्हा काढायचे आणि नव्याने आत यायचं. एकदा त्यांनी खुद्द प्लांट मॅनेजरना असं बाहेर काढलेलं. "साहेब, अंदाजे भाजीत मीठ टाकतात. इथं नाय," असं वर ऐकवलं. मॅनेजर बिचारे गेले, लेस बांधून-सोडून परत आले आणि आकडा नीट सांगून मगच बसले.

वागळे इस्टेटमधली आमची कंपनी गाड्यांचे शाफ्ट आणि बुश बनवायची. दादा तिथल्या क्वालिटीचे हेड. ठाण्यातच खाडीकडच्या एका गावातले, पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच. आजा मिठागरावर राबलेला, बापाची भातशेती. पुढे त्या शेतीवर टॉवर उभे राहिले आणि त्यातल्याच एकात अठराव्या मजल्यावर दादा राहायला गेले. नोकरीची त्यांना काडीची गरज नव्हती. मालकाच्या गाडीपेक्षा मोठी गाडी घेऊन यायचे, टेम्पोंच्या रांगेत लावायचे, आणि दिवसभर निळा एप्रन घालून स्टुलावर बसायचे. का येता म्हणून विचारलं तर म्हणायचे, "घरी बसून काय मोजू?"

मोजायचे मात्र सगळंच. डब्यातली तांदळाची भाकरी व्हर्नियरमध्ये धरून बघायचे, चारी बाजूंनी जाडी सारखी निघाली की खूश होऊन म्हणायचे, "घरातलीचा हात अजून सेट हाय." कोणाच्या लग्नाला गेले की आधी मांडवाचा खांब सरळ उभा आहे का ते एक डोळा मिटून बघणार, मग नवऱ्या मुलाकडे. मोजमापाच्या गेजची पेटी उघडताना कोणी मोठ्याने बोललं तर ओठांवर बोट. आम्ही पाठीमागे त्यांची नक्कल करायचो. माझी नक्कल सगळ्यांत चांगली व्हायची, असं म्हणायचे सगळे.

वह्यांचा त्यांचा एक नियम होता. आकडा खोडायचा नाही, पांढरी शाई लावायची नाही, पान फाडायचं तर नावच नको. चुकलं तर त्यावर एक आडवी रेघ मारायची, शेजारी बरोबर काय ते लिहायचं, सही करायची, तारीख घालायची. "चुकलेला दिसला पाहिजे," ते म्हणायचे. "झाकला की कुजतो."

मी डोंबिवलीचा. नोकरीला लागलो तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो, आणि लागून महिना होत नाही तोच बाबांना अर्धांगाचा झटका आला. सकाळी त्यांना पुसायचं, कूस बदलायची, आईला चहा करून द्यायचा आणि निघायचं. झोप पार उडाली. छाती धडधडायची, आणि उजवा हात थरथरायला लागला. क्वालिटीतल्या माणसाचा हात थरथरणं म्हणजे आचाऱ्याच्या जिभेची चव जाणं. एकच पीस मी तीनदा मोजला की तीन आकडे यायचे. त्यात प्रोबेशन. वर कळलं असतं तर मला कायमचं घरी बसवलं असतं.

दादांनी दुसऱ्याच आठवड्यात पकडलं. ओरडले नाहीत. त्यांनी स्टँडवर डायल गेज लावला. घड्याळासारखी तबकडी असते आणि खाली एक बारीक दांडी. ती केसभर हलली तरी काटा रेघा ओलांडून पळतो. "बोट ठेव दांडीखाली," म्हणाले. मी ठेवलं. काटा असा नाचायला लागला की मलाच बघवेना. "चौदा रेघा," दादा म्हणाले आणि त्यांनी खिशातून एक लहान वही काढून आकडा लिहिला. मग गेज बाजूला सारून विचारलं, "झोप लागते का रं?"

कोणी विचारलंच नव्हतं हो मला तोवर! सगळे बाबांबद्दल विचारायचे. मी तिथेच, त्या एसीत, नाक पुसत सगळं सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता, चहाच्या आधी, दादांनी फ्रीजमधून एक बाटली काढली. आत पिवळ्या, आरपार दिसणाऱ्या लांबट गोळ्या. माशाचं तेल.

"माजा आजा दिवसभर मिठागरावर," ते सांगायला लागले. "माथ्यावर ऊन, पायाखाली मीठ, घरी सात पोरं. पण हात बघायचास तू त्याचा! पाण्यानं काठोकाठ भरलेला लोटा धरून बांधावरून चालायचा, थेंब नाय सांडायचा. का? तर रोज चमचाभर मोरीचा तेल." मोरी म्हणजे खाडीत मिळायची ती शार्क. "आता खाडीत मोरी नाय आणि मिठागरपण नाय. म्हणून ह्या गोळ्या. टेन्शन म्हंजे गंज रं. गंज चढलेल्या मशीनला कोन उपदेश करतो का? तेल घालतात."

व्हॉट्सअ‍ॅपवर कुठून कुठून आलेले लेख त्यांनी प्रिंट काढून फाइल केलेले, ओळीखाली पट्टीने रेघा मारलेल्या. तळहातावर गोळी ठेवून ते माझ्यासमोर उभे.

आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. ‘मी मासे खात नाही’ एवढं चार शब्दांचं वाक्य होतं. दादा हसले असते, "बरं" म्हणाले असते, विषय संपला असता. पण मी ते म्हटलं नाही. कारण काय, तर यांना वाटेल, हा डोंबिवलीचा भटुरडा आपल्या हातचं घ्यायला नाक मुरडतो. मला वाटलं, मी त्यांचं मन राखतोय. केवढा मोठेपणा! दादा एवढ्यावरून दुखावतील असं मी ठरवून मोकळा झालो, म्हणजे मी त्यांना आधीच कमी लेखलेलं. हे कळायला मला फार उशीर लागला.

मी गोळी बोटांत दाबली, हात तोंडाशी नेला, वर पाणी प्यायलो. दादांनी मान डोलावली आणि वहीत खूण केली.

कॅन्टीनच्या मागे एक मरतुकडी पिवळी मांजर असायची. चहाला जाताना मी ती गोळी तिच्यापुढे टाकली. तिने चावली, ओठ चाटले आणि माझ्याकडे बघत बसली. दुसऱ्या दिवशी अकरा वाजून पाच मिनिटांनी ती आधीच येऊन बसलेली. महिन्याभरात तिचं अंग असं चकाकायला लागलं की कॅन्टीनच्या मावशी विचारायच्या, "हिला कोण खाऊ घालतंय गं बाई?" दादांनीही पाहिली. "बघ," मला म्हणाले, "आपल्याकडचा उंदीरपण पौष्टिक हाय." मी हसलो. लाज म्हणून वाटली नाही मला.

आणि गंमत अशी की माझा हात खरंच थांबला. चौदाच्या अकरा रेघा झाल्या, अकराच्या सात, मग तीन. खोटं सांगत नाही, काटा समोर दिसत होता. रोज अकरा वाजता एक माणूस हातातलं काम सोडून मला विचारत होता, झोप लागली का, बाबांनी बोट हलवलं का, आई जेवली का. उत्तर ऐकल्याशिवाय सोडत नव्हता. त्याने हात थांबला, दुसऱ्या कशाने नाही. पण ही गोष्ट कुठल्या तोंडाने सांगणार? "फरक पडला ना?" दादा विचारायचे. "खूप," मी म्हणायचो. ते आलेखाच्या कागदावर ठिपका द्यायचे आणि ठिपके जोडायचे. रेघ उतरत चाललेली.

त्या रेघेचं पुढे काय होणार हे मला ठाऊक नव्हतं. पण मी विचारलंही नव्हतं.

एका गुरुवारी दुपारी म्हणाले, "चल, घरातलीला भेटून येऊ." गाडीत बसल्यावर सांगायला लागले. गावातलं घर पाडून टॉवरमध्ये राहायला गेल्यापासून वहिनींचं बिनसलं होतं. अंगणात उठबस करणारी बाई, तिला अठराव्या मजल्यावर कोणी हाक मारीना. झोप गेली, धडकी भरायला लागली, जेवण सुटलं. डॉक्टरांनी गोळ्या दिलेल्या. त्यांनी झोप यायची, पण वहिनी दिवसभर सुस्त. दादांना ते बघवेना.

"मग माशाचा तेल सुरू करू म्हटला," दादा म्हणाले. "पण एकदम तिच्यावर कसा लावू? आधी फर्स्ट पीस."

आमच्या धंद्यात मशीन सेट केलं की पहिला पीस निघतो तो मोजतात. तो पास झाला तरच पुढचा सगळा माल काढायचा. त्यावर सही करणाऱ्याच्या जिवावर पुढे मशीन धावतं. दादांनी समोरच्या रस्त्यावरची नजर न काढता माझ्या गुडघ्यावर थोपटलं. "तू फर्स्ट पीस. पास झालास."

तेव्हा बोलायला हवं होतं. गाडी सिग्नलला थांबलेली, आम्ही दोघंच होतो, याहून सोपी वेळ मला मिळणार नव्हती. सिग्नल सुटला आणि मी "वा, छान" असलं काहीतरी बोललो.

वहिनी बारीक चणीच्या, खिडकीपाशी बसलेल्या. मी आलो म्हणून उठल्या, पदर सारखा केला. हट्टाने पान वाढलं. त्यात कोलंबीचं कालवण.

"वहिनी, आज माझा गुरुवार," मी म्हटलं.

त्या थांबल्या. बाई सुस्त होती, पण डोकं शाबूत होतं. "मग आज गोली नसंल घेतली?"

"औषधाला कसला वार?" मी म्हटलं.

दादा खो खो हसले. "बघ! आता तरी पटला?"

पण वहिनी माझ्याकडेच बघत होत्या. "भाऊ, खरा सांगा. मी त्या डॉक्टरांच्या गोल्यांना लय कंटाललोय. पन सोडायची भ्या वाटते. तुमाला खरंच बरा वाटला?"

"खरंच वहिनी," मी म्हणालो. "माझा हात बघा ना." आणि मी हात पुढे केला. कागदावर ठेवलेल्या वजनासारखा स्थिर होता मेला.

तीन आठवडे सगळं ठीक असल्याचं दादा सांगत होते. मग एका सकाळी ते आले नाहीत. दुपारी फोनवर कळलं की वहिनी घरातून निघून गेल्या. पायात चप्पल नाही, हातात पिशवी नाही. संध्याकाळच्या आत सापडल्या, खडवलीला. ते त्यांचं माहेर. नदीत कमरेएवढ्या पाण्यात उभ्या होत्या. त्यांच्या भावजयीने लांबून लुगड्याच्या रंगावरून ओळखलं आणि ती धावली. हाताला धरून बाहेर काढलं तर म्हणाल्या, "जरा गप वाटत होता इथं."

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी दादांना सगळ्यांसमोर झापलं. माशाचं तेल घ्या हवं तर, पण आमच्या गोळ्या मनाने बंद करायच्या कोणी सांगितल्या तुम्हाला? हे त्यांच्या भाच्याने आम्हाला सांगितलं. मी ते ऐकलं आणि माझ्या टेबलाशी जाऊन शाफ्ट मोजत बसलो. काय मोजलं, देव जाणे.

पंधरा दिवसांनी दादा कामावर आले. दाढी वाढलेली, पण एप्रन इस्त्रीचा. मला वाटलं, आता विचारतील. त्यांनी मला काहीच विचारलं नाही. कपाटातून तो डायल गेज काढला, त्याला लाल टॅग बांधला आणि बाहेरच्या लॅबमध्ये तपासायला पाठवायच्या पेटीत ठेवला.

"याच्यात लोचा हाय," म्हणाले. "काटा अडकत असंल. तुजा हात थांबला नसंल, यानंच कमी दाखवला. मी नीट बघितलाच नाय. तपासणारा मीच कच्चा."

मी हातातला शाफ्ट पुसत राहिलो.

"ती काय म्हणते ठाव हाय?" दादा पेटीचं झाकण लावता लावता म्हणाले. "म्हणते, तो पोरगा बरा झाला, मी नाय झालो. म्हंजे माज्यातच खोट हाय. डॉक्टर समजावतो, मी समजावतो. ऐकत नाय. गोळ्या घेते, पण भिंतीकडं तोंड करून पडून राहते."

तरीही मी गप्प! एक निर्जीव गेज माझ्या वाटणीची शिक्षा भोगायला निघालेला, एक बाई घरी स्वतःला दोष देत पडलेली, आणि मी हिशेब काय मांडतोय, तर गेज सदोष निघाला तर बरं होईल. खरंच सांगतो, मी तशी प्रार्थना केली. बाबांसाठी केली नसेल इतक्या मनापासून केली.

आठ दिवसांनी गेज परत आला. सोबत सर्टिफिकेट. दादांनी ते उभ्यानेच वाचलं, मग खाली बसून पुन्हा वाचलं, शेवटी माझ्या टेबलावर आणून ठेवलं.

"गेज बरोबर हाय," ते म्हणाले.

आणि माझ्यासमोर उभे राहिले. गेज बरोबर असेल तर चूक कुठे शोधायची हे त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवलेलं.

"मी एकही गोळी घेतली नाही, दादा," मी म्हणालो. "मी मासे खात नाही. मांजरीला घातल्या."

दादांनी शिवी दिली असती, कानाखाली दिली असती, तर मी त्यांचे पाय धरले असते. पण त्यांनी फक्त विचारलं, "मग हात कशानं थांबला?"

"तुम्ही रोज विचारायचात त्याने."

त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं. मग खिशातली लहान वही काढली, माझ्यापुढे उघडून ठेवली, वर पेन ठेवलं. नियम मला ठाऊक होता. प्रत्येक खुणेवर मी एक आडवी रेघ मारली, शेजारी ‘घेतली नाही’ लिहिलं, सही केली, तारीख घातली. अडीच महिन्यांच्या खुणा. रोजची एक. रेघा आकड्यांवर मारायच्या नव्हत्या, आकडे खरे होते. माझा हात असा थरथरत होता की एकीसारखी दुसरी सही येईना. दादा शेवटच्या सहीपर्यंत शेजारी उभे होते. मग म्हणाले, "चल. हे तिला सांग."

वहिनी खरंच भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. दादांनी हाक मारल्यावर उठून बसल्या. मी उभ्याउभ्याच सांगितलं, सगळं, मांजरीसकट, गुरुवारसकट. मान वर करायची हिंमत नव्हती, म्हणून मला फरशीवरची त्यांची पावलंच दिसत होती. सांगून झाल्यावर माफी मागायला गेलो, पण त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं.

त्या दादांना म्हणाल्या, "म्हंजे खोट माज्यात नव्हती."

"नाय गं," दादा म्हणाले. "कवाच नव्हती."

त्या उठून आत गेल्या. भांड्यांचा आवाज आला. बाहेर येऊन माझ्यापुढे ताट ठेवलं. तांदळाची भाकरी, वालाची भाजी, लिंबाचं लोणचं. "ह्यात मासली नाय, जेवा," म्हणाल्या. मी जेवलो.

वहिनी हळूहळू सावरल्या. डॉक्टरांच्या गोळ्या चालू राहिल्या, आणि दादांनी गावातल्या देवळापाशी एक खोली घेऊन दिली. तिथे त्या दिवसभर बायकांत बसायच्या. दादा रिटायर होईपर्यंत आणखी वर्षभर लॅबमध्ये होते. माझी तक्रार त्यांनी कुठेही केली नाही. प्रोबेशन संपताना कायम करण्याच्या कागदावर त्यांचीच सही होती. काम शिकवलं, चुकलो तर सांगितलं, दिवाळीला करंज्यांचा डबा दिला. बाबा गेले तेव्हा डोंबिवलीला येऊन दारात तासभर बसून गेले.

फक्त त्या दिवसानंतर अकरा वाजता ते स्टुलावरून उठायचे, चहाला जायचे, माझ्या टेबलाशेजारून जायचे, आणि झोप लागली का, हे त्यांनी मला पुन्हा कधीही विचारलं नाही. आता त्या स्टुलावर मी बसतो. अकरा वाजले की अजूनही काम थांबवून मान वर करतो.